लक्ष्मणाच्या नावाने गेलेला

कडब्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आज सकाळी माझ्या खिडकीखालून गेली. भार इतका उंच होता, की कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला चार ताटं अडकून राहिली. दुपारपर्यंत ती तिथेच हलत होती. समोरच्या गच्चीत एक मुलगी वही छातीशी धरून पाठांतर करत फेऱ्या मारत होती. सोलापुरात ही दोन्ही एकदमच येतात, ज्वारीची सुगी आणि परीक्षा. मी चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं, म्हणजे चौतीस वेळा हा मोसम माझ्या अंगावरून गेला असणार. पण फेब्रुवारी सरताना हवेला तो कोरडा, गोडसर वास आला, की मला त्यांतला एकच आठवतो. बहात्तरचा मोठा दुष्काळ संपला होता आणि त्यानंतरची ती पहिली भरघोस सुगी होती. मी अठ्ठावीस वर्षांची होते.

युद्ध आणि समाज हा माझा अभ्यासाचा विषय. आता असं म्हटलं तर लोक मान डोलावतात. तेव्हा हसायचे. स्टाफरूममध्ये एक सहकारी रोज तोच विनोद करायचे, ‘आम्ही घरी जाऊन लढतो, बाई इथे बसून लढतात.’ लहानपणी वाईला शाळेत लढाईचा धडा आला, की मला वेगळाच प्रश्न पडायचा. अमुक गावाजवळ तुंबळ युद्ध झालं, असं पुस्तकात असायचं. मग त्या गावात त्या दिवशी भाकऱ्या कोणी भाजल्या? विहिरीवर पाण्याला कोण गेलं? बाई म्हणायच्या, ‘ते परीक्षेला नाही.’ पुढे पीएच.डी.साठी पुण्याच्या मार्गदर्शकांकडे मी हेच जरा शहाण्या भाषेत मांडलं. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातून जी माणसं गेली, त्यांच्या मागे राहिलेल्या घरांचं काय झालं, हे मला शोधायचं होतं. त्यांनी चष्मा काढला. ‘लढाई म्हणजे नकाशा, तारखा आणि सेनापती,’ ते म्हणाले. ‘भाकरी हा गृहशास्त्राचा विषय आहे. पण करा. कागद असतील तर करा.’

त्यांचं शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही.

नोकरी सोलापुरात लागली. आईवडील आधीच गेले होते. नाशिकला भाऊ होता, त्याची पत्रं यायची. त्यांत एखादं स्थळ असायचं. मी दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा उत्तर द्यायला उशीर केला, आणि मग पत्रं नुसती सणावारी येऊ लागली. साखर पेठेत एका विणकर कुटुंबाच्या माडीवर माझी खोली होती. खाली चार माग. दिवसभर जमीन बारीक थरथरायची, तांब्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठायची. घरमालकीण नरसम्मा तेलुगू बोलायची आणि माझ्याशी तोडकं मराठी. जिन्यात भेटली की विचारायची, ‘तिन्नावा?’ जेवलीस का? मी हो म्हणायचे. एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. रविवारी माग बंद असत. मग इतकी शांतता व्हायची, की मला स्टोव्हला पंप मारताना त्याच्याच आवाजाने दचकायला व्हायचं. सोमवारी माग सुरू झाले की बरं वाटे. आपल्याला एकटं वाटतंय, हे तेव्हा माझ्या लक्षातही येत नसे. मी त्याला अभ्यास म्हणत असे.

रविवार घालवायला म्हणूनच खरं तर मी वळसंगला गेले.

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मल्लिनाथ म्हणून एक शिपाई होता, पंचेचाळिशीचा, वळसंगचा. पुस्तकं काढून देताना तो ती उघडून बघायचा. एकदा माझ्यासमोर इराकच्या मोहिमेवरचा जाड इंग्रजी ग्रंथ ठेवत म्हणाला, ‘बाई, ह्यात बसरा हाय न्हवं? आमच्या गावात एक म्हातारी हाय. तिचा नवरा तितंच गेला. आलाच न्हाय.’

‘तुम्ही मला घेऊन जाल?’

‘येत्या ऐतवारी चला की. सुगी हाय, सगळी रानातच असतेत.’

अक्कलकोटकडे जाणारी एसटी पकडली. कुंभारी मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी पिवळी पडलेली ज्वारी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी ह्याच रस्त्याच्या कडेला मी माणसं खडी फोडताना पाहिली होती. त्या ढिगांवर आता गवत होतं. मल्लिनाथ खिडकीतून बघत होता. ‘कणीस बघितलं का, बाई? माणसाच्या मुठीत मावंना.’ त्याच्या आवाजात अजून धास्ती होती. कोणी तरी येऊन हे परत घेऊन जाईल, अशी.

गंगव्वा रानात कापलेल्या ताटांच्या ढिगाला टेकून कणसं खुडत बसली होती. चौऱ्याहत्तरच्या आसपासची असेल. लहानखुरी, काळीसावळी, कपाळावर विभूतीचे पट्टे. तिला मूलबाळ नव्हतं. पुतण्याच्या घरी राहायची. मला पाहून तिने हातातलं कणीस टोपलीत टाकलं आणि कानडीत विचारलं, ‘ऊट आतेनव्वा?’

मल्लिनाथ म्हणाला, ‘जेवन झालं का म्हनत्यात.’

मी हसले. सोलापूर मला सगळ्या भाषांत एकच विचारत होतं.

‘बस की,’ ती मराठीत म्हणाली. ‘ऊन लई हाय. सावलीला ये.’

मी वही काढली. मला प्रश्नावली तयार करून न्यायची सवय होती. नवऱ्याचं नाव, भरतीचं साल, पलटण, मृत्यूचं ठिकाण. नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती मल्लिनाथकडे बघून लाजली, खरंच लाजली, आणि म्हणाली, ‘सांग की रं तू.’ त्याने सांगितलं, सिद्राम. बाकीच्या प्रश्नांना ती ‘काय की’ म्हणत राहिली. मग म्हणाली, ‘चकती हाय बघ. सरकारनं दिलेली. ती वाच, तुला इंग्लिश येतंय न्हवं?’ आणि सुनेला हाक मारून घरून ती आणवली.

लहान ताटलीएवढी, जाड, काळपट पडलेली ती चकती होती. मी अशा चकत्यांविषयी वाचलं होतं, हातात पहिल्यांदाच घेत होते. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवलेली. एका बाजूला सिंह, एक उभी बाई, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव उठावाच्या अक्षरांत. ती दुधाच्या मडक्यावर झाकण म्हणून वापरात होती. कडेला साय वाळलेली होती. मी पदराने पुसली आणि नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

‘आजी,’ मी म्हणाले, ‘ह्याच्यावर सिद्राम नाही. ह्याच्यावर लक्ष्मण आहे.’

मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. इतकी वर्षं ती भलत्याच माणसाची चकती सांभाळत होती, हे मी तिला सांगत होते. तिने शांतपणे बांधापलीकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, ‘लक्ष्मणा! ये की हिकडं. बाई तुझं नाव वाचतीया.’

शेजारच्या रानातून एक उंच, वाकलेला म्हातारा विळा खांद्याला अडकवून आला. बांधावर उकिडवा बसला. मला रामराम केला. माझ्या मांडीवर त्याच्या मरणाची चकती होती.

त्या दुपारी मी प्रश्नावली मिटून ठेवली. गंगव्वाने सांगितलं ते जसंच्या तसं माझ्या वहीत आहे, वही अजून माझ्याकडे आहे.

‘भरतीवाले आले,’ ती म्हणाली. ‘चावडीत छात्या मापल्या. लक्ष्मणाची भरली, त्याचं नाव लिवलं. आमच्यांचीबी भरली. पर जात इचारली आन् बाजूला काढलं. त्या पलटनीत मराठेच घेत हुते. लिंगायत न्हाय. हिकडं लक्ष्मणाची आई पाया पडाय लागली. एकुलता एक पोरगा. तवा हे म्हनले, मी जातो की त्याच्या नावानं. कोन वळकतंय?’

‘पण त्यांना का जायचं होतं?’

‘समुद्र बघायचा हुता,’ ती म्हणाली. ‘दुसरं काय न्हाय. अक्कलकोटच्या पलीकडं कवा गेले न्हवते. कुणी तरी सांगितलं, बोटीतनं जावं लागतंय. झालं. मी सोळाची. मला काय कळतंय?’

लक्ष्मण खाली बघून ढेकूळ फोडत होता.

जायच्या दिवशी सिद्रामने गळ्यातलं लिंग काढून तिच्या हातात दिलं. चांदीच्या डबीतलं, लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून अंगावर असलेलं. मराठा म्हणून भरती झालेल्याच्या गळ्यात ते दिसलं असतं तर हाकलून दिलं असतं. ‘दोन सालात येतो, तवर तू पूजा कर,’ तो म्हणाला. गंगव्वा मला समजावून सांगत होती, मला कळावं म्हणून हळूहळू बोलत होती. ‘आमच्यात लिंग अंगावरनं काढत न्हाईत, बाई. मेल्यावरबी न्हाय. मानसाला मातीत बसवत्यात आन् हातावर त्याचं लिंग ठेवत्यात. संगंच जातंय ते.’ तिने पदराखालून दोन डब्या दाखवल्या. एक तिची, एक त्याची. अठ्ठावन्न वर्षं ती रोज सकाळी दोन लिंगांची पूजा करत होती.

चकती आली ती लक्ष्मणाच्या आईच्या नावाने. सरकारच्या लेखी तिचा मुलगा मेला होता. मुलगा दारात गुरं बांधत होता. त्या बाईने चकती उचलली, आठ घरं ओलांडली, आणि गंगव्वाच्या ओटीत ठेवली.  सगळ्या गावाला माहीत होतं. सरकारलाच तेवढं माहीत नव्हतं.

‘बारा सालं मी ह्याच्याशी बोलले न्हाय,’ गंगव्वा म्हणाली. ‘पर पाऊस पडला की हा आधी माझ्या रानात पेरायचा, मग सोताच्या. बारा सालं. मग एक दिवस मीच पानी दिलं प्यायला.’

लक्ष्मणअण्णा तेव्हा पहिल्यांदा बोलला. ‘दुष्काळात खडीवर गेलो, बाई. मुकादमानं नाव इचारलं. मी सिद्राम सांगितलं. म्हनलं, तेवढंच त्याचं नाव सरकारात ऱ्हाईल.’

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा वही पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. खोटं कशाला सांगू, ते दुःखाने नव्हतं. आनंदाने होतं. असं काही कोणाच्याच पुस्तकात नव्हतं. पलटणीच्या दप्तरात एक नाव, घरात दुसरं. कोण लढाऊ आणि कोण नाही हे साहेबांनी ठरवायचं, आणि वळसंगच्या एका पोराने समुद्र बघण्यासाठी ते सगळं गुंडाळून ठेवायचं. मला वाटलं, माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण मला मिळालं. मी दर रविवारी जाऊ लागले.

ते रविवार आता मला एकमेकांत मिसळलेले आठवतात. हातात ज्वारीची बारीक कुसळं टोचून आलेलं पुरळ. पाण्याचा डेरा. भाकरीवर गंगव्वाने हाताने फोडलेला कांदा. खळ्यावर उफणणी चालू असताना वाऱ्यावर उडणारं भूस आणि त्यात अर्धवट दिसणारी माणसं. सोमवार ते शनिवार मी परीक्षेच्या वर्गात उभी असे. साठ मुलं खाली मान घालून सेनापतींची नावं लिहीत, आणि मी खिडकीशी उभी राहून वाऱ्याची दिशा बघत असे. आज उफणत असतील, असं मनात येई. त्या मोसमात मी कोणाची तरी वाट बघत होते, हे मला फार नंतर कळलं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी गंगव्वाने तिचा प्रश्न विचारला. मला प्रश्न विचारायची सवय, कोणी मला विचारील असं वाटलं नव्हतं.

‘तुझ्याजवळ पुस्तकं हाईत,’ ती म्हणाली. ‘मग येवढं बघ. त्यास्नी बसवून पुरलं, का लाकडावर घालून जाळलं?’

मी प्रश्न वहीत लिहून घेतला.

‘अठ्ठावन्न सालं झाली. मेले ते कळलं. कसे मेले ते नको. पर मातीत गेले का आगीत, येवढं मला पायजे.’

मी लष्कराच्या दप्तरखान्याला पत्र लिहिलं. मेलेल्या शिपायाचं नाव लिहिताना पेन थांबलं. लक्ष्मण असंच लिहावं लागलं. दुसऱ्या नावाने काही सापडलं नसतं.

उत्तर मार्चअखेरीला कॉलेजच्या पत्त्यावर आलं. टंकलिखित एक कागद, खाली अस्पष्ट सही. शिपाई लक्ष्मण, जात मराठा. नदीवरच्या इस्पितळात तापाने मृत्यू. अंत्यविधी त्याच्या धर्माच्या रीतीप्रमाणे, दहन.

मी ग्रंथालयात उभी राहून तो वाचला. मल्लिनाथला मराठीत सांगितला. त्याने हातातली पुस्तकं खाली ठेवली.

‘पुरलं म्हनून सांगा, बाई.’

‘असं कसं सांगू?’

‘तिला कुटं वाचता येतंय? काय जातंय तुमचं? आज हाय, उद्या न्हाय. सुखानं जाऊ दे की म्हातारी.’

मी म्हणाले, मला विचार करू दे. पण खरं म्हणजे मी विचार केलाच नाही. आठवडाभर मी स्वतःशी वाद घालत होते तो फक्त वाद होता, निर्णय कागद वाचतानाच झालेला होता. माझं सगळं शिक्षण त्या बाजूला उभं होतं. शिवाय मला वाटायचं, तिच्या आयुष्यातलं सगळं दुसऱ्यांनी परस्पर ठरवलं. नवऱ्याने ठरवलं, लक्ष्मणाच्या आईने ठरवलं, भरतीवाल्या साहेबाने ठरवलं. आता निदान तिला काय कळावं हे मी ठरवू नये. आजही मला हे बरोबर वाटतं. बरोबर वाटतं आणि तरी त्या रविवारची आठवण आली की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं.

खळ्याच्या कडेला बसवून मी तिला सांगितलं. कागद दाखवला. तिने तो हातात घेतला नाही, नुसता बघितला.

‘जाळलं,’ मी म्हणाले.

 सून उफणत होती, भूस आमच्या अंगावर येत होतं, गंगव्वाने ते झटकलंही नाही.

‘व्हय,’ मग ती म्हणाली. ‘मराठ्याचं नाव घेतलं, तर मराठ्याचीच आग मिळनार की.’ आणि थोड्या वेळाने, ‘बरं झालं सांगितलंस. लोकं मला पुरलं म्हनूनच सांगायची. मला ठावं हुतं, त्येंना काय म्हाईत न्हाय.’

मल्लिनाथ त्या दिवशी परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसला नाही. पुढे जाऊन उभा राहिला.

ह्या सगळ्याचं माझ्या अभ्यासात काय झालं, तेही सांगायला हवं. मी ते प्रकरण लिहिलं, मन लावून लिहिलं. लक्ष्मणअण्णाला मी आधी विचारलं होतं, तुमचं नाव घालू का? तो म्हणाला होता, ‘माझं घाला न्हायतर नको. त्याचं घालायचं तेवढं इसरू नका.’ मार्गदर्शकांनी चार पानांवर लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘पुरावा?’ मी पुण्याला गेले, भांडले. ते रागावले नाहीत. उलट खूप मायेने म्हणाले, ‘कागद काय सांगतो? लक्ष्मण मेला. त्याच्याविरुद्ध तुमच्याकडे काय आहे? एका म्हातारीचं सांगणं. परीक्षक हे ठेवणार नाहीत, आणि ह्याच्यापायी सगळा प्रबंध जाईल.’ मी ते प्रकरण काढलं. प्रबंधाच्या शेवटी परिशिष्ट आहे, आपल्या भागातून गेलेल्या आणि न परतलेल्या शिपायांची यादी. ती मी स्वतः टंकलिखित केली. तिच्यात वळसंगपुढे लक्ष्मण असं नाव आहे. सिद्राम कुठेच नाही.

त्या प्रबंधावर मला पदवी मिळाली, पुढे बढती मिळाली. लोक मला परिसंवादांना बोलवू लागले, कारण दरम्यान दिवस पालटले होते. युद्धाच्या मागे राहिलेल्या बायका हा आता मोठा विषय झाला होता. तोंडी सांगितलेल्यालाही पुरावा म्हणू लागले. एका तरुण मुलीने मला व्यासपीठावर विचारलं, ‘मॅडम, त्या काळात तुम्ही इतक्या एकट्या हे काम कसं केलंत?’ मी काहीतरी मोघम उत्तर दिलं. ते काढलेलं प्रकरण आता तरी छापावं, असं किती वेळा मनात आलं. पण लक्ष्मणअण्णा गेला होता, गंगव्वा गेली होती, आणि मला त्यांच्या पुतण्या-नातवंडांसमोर उभं राहायची लाज वाटत होती. इतिहासात मी इतरांच्या भित्रेपणाची कारणं शोधली आहेत. माझ्या भित्रेपणाला फार मोठं कारण नव्हतं. मला पदवी हवी होती.

आता राहिला तो शेवटचा रविवार. एप्रिलचा दुसरा असेल. खळी बहुतेक उठली होती. नुसती काळी रानं उघडी पडली होती आणि ऊन त्यांच्यावर पाण्यासारखं हलत होतं. मल्लिनाथ आला नव्हता, मी एकटीच गेले. बांधाच्या कोपऱ्यात बाभळीखाली ताजी माती दिसली. लहानसा उंचवटा, त्यावर विभूती, बेलाची पानं, वाळू लागलेली झेंडूची फुलं.

लक्ष्मणअण्णा तिथेच बसला होता.

‘गुरवारी झालं,’ तो म्हणाला. ‘स्वामी आले हुते. लिंग मातीत ठिवलं. मानूस न्हाय तर न्हाय, लिंग तरी. अठ्ठावन्न सालं वर ऱ्हायलं हुतं.’

‘खड्डा कोणी खणला?’

‘मीच की.’ तो हसायला गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. ‘पोरं म्हनली, आमी खनतो. म्हनलं, न्हाय. माझा खड्डा हाय ह्यो, बाई. ह्यात मी जायचा हुतो. माझ्याबिगर कोन खननार?’ आणि तो धोतराचा सोगा डोळ्यांना लावून हमसाहमशी रडू लागला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. मी उभीच होते. मला त्याच्या पाठीवर हात ठेवता आला असता. मी वहीचा कोपरा दुमडत राहिले.

मला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावण्याचं कारणही नव्हतं. उत्तर मी आणलं होतं आणि त्याचं काय करायचं ते त्यांचं त्यांनी केलं होतं, आपसांत, जसं पन्नासेक वर्षं ते सगळं आपसांतच करत आले होते. तरीही त्या ताज्या मातीसमोर उभं राहून मला जे वाटलं ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, गुरुवारी मी इथे असायला हवं होतं.

गंगव्वा घराच्या ओसरीवर होती. पदराखाली आता एकच डबी. ती हलकी दिसत होती, थकलेलीही. मला पाहून सरकली, शेजारी जागा केली. पाणी दिलं. ह्या वेळी मी वही उघडली नाही, तिनेही काही सांगितलं नाही. एक मांजर धान्याच्या पोत्यांवरून चालत गेलं. 

‘माझं झालं बघ सगळं,’ ती म्हणाली. ‘आता तुझं इचारते. तुझं कोन हाय ग?’

ह्या प्रश्नाला माझ्याकडे नेहमीची उत्तरं होती. नाशिकला भाऊ आहे. कॉलेज आहे. मुलं आहेत वर्गात. पण तिच्याजवळ ती कशी कोण जाणे निघाली नाहीत.

‘कोणी नाही,’ मी म्हणाले. मोठ्याने पहिल्यांदाच म्हणाले.

तिने मान हलवली. वाईट वाटल्यासारखं काही केलं नाही. तिला ते रोजचंच होतं, वयाच्या सोळाव्यापासून. माझ्या मनगटावर हात ठेवून ती म्हणाली, ‘मग ऱ्हा की आज. अंगनात बाज टाकू. उद्याच्या पहिल्या गाडीनं जा. सुगी झाली, मलाबी काय काम न्हाय. बसू बोलत.’

तिचा हात खरखरीत होता आणि गरम होता. किती दिवसांनी कोणी मला असं धरलं होतं, ते मला आठवेना. मला एकाएकी भीती वाटली. मी राहिले तर मला रडू येईल, आणि एकदा आलं तर थांबणार नाही, अशी ती भीती होती. उद्या परत त्या खोलीवर जाऊन पुन्हा पहिल्यापासून एकटं राहायला शिकावं लागेल, अशी होती.

‘आज नको, आजी,’ मी म्हणाले. ‘परीक्षेचे पेपर तपासायचे पडलेत. उद्या द्यायचे आहेत.’

‘व्हय का?’ ती म्हणाली. लगेच हात काढून घेतला. ‘मग जा बाई. लेकरांचं काम हाय. अडवू नये.’ सुनेला सांगून तिने माझ्या पिशवीत नव्या ज्वारीचं पीठ घातलं आणि फाट्यापर्यंत सोडायला आली. तिला चालवत नव्हतं, तरी आली. एसटी दिसली तशी म्हणाली, ‘सुट्टीत ये. ऱ्हायाला ये.’

सुट्टीत मी पुण्याला मार्गदर्शकांकडे गेले. पुढची सुगी गंगव्वाने पाहिली नाही. मल्लिनाथने मला ते पुस्तकं देता देता सांगितलं.

मी त्या बाईशी कधी खोटं बोलले नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता. पण पेपर शनिवारीच तपासून झाले होते. गुणांची यादी लावून, गठ्ठा कापडात शिवून, वर लाख लावून मी तो टेबलावर ठेवला होता. त्या संध्याकाळी मी खोलीवर परतले तेव्हा माग बंद होते आणि मला काहीही काम नव्हतं.